जुन्या बॅटरीचा भाव

खर्डा म्हटले की शाळेत इतिहास घोकलेल्यांना १७९५ साल आठवते. मराठ्यांनी निजामाला नमवले ते येथेच. जामखेड तालुक्यातील या गावी मी गेलो तो निंबाळकरांचा किल्ला पाहायला. पण बाजारात एका बॅटरीच्या दुकानापाशी पाय थबकले. लढाईत गोळ्या होऊन सुटणारे शिसे आता तेथे ट्रॅक्टरच्या आणि इन्व्हर्टरच्या मोडक्या बॅटऱ्यांत मुकाट बसले होते.

"या जुन्या जातात कुठे?" मी विचारले.

"जो भाव देईल त्याच्याकडं," दुकानदार म्हणाले. "भंगारवाला कारखान्यापेक्षा चार पैसे जास्तच देतो, साहेब."

हे चार पैसे येतात कोठून? बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे, आणि ते वितळते अवघ्या ३२७ अंशांना. कढई आणि सरपण असले की धंदा सुरू! आम्ल गटारात, धूर शेजाऱ्याच्या घरात. नोंदणीकृत कारखान्याला मात्र बॅटरी बंदिस्त यंत्रात फोडावी लागते, आम्लाचा जोर मारावा लागतो, भट्टीचा धूर गाळावा लागतो, कामगारांच्या रक्तातले शिसे तपासावे लागते. उरलेली धातुमळीही उकिरड्यावर टाकता येत नाही. पुणे-नगर रस्त्यावरील रांजणगावी आहे तशा घातक कचऱ्याच्या केंद्रात, दुहेरी अस्तराच्या खड्ड्यात, ती पैसे भरून पोचवायची. शिवाय २०१६ च्या नियमांप्रमाणे सोबत सात रंगी प्रतींचे चलन! एवढे करून तो भंगारवाल्याचा भाव देणार कसा?

तो फरक मुले भरतात. सेनेगालमध्ये डकारजवळच्या एका वस्तीत बॅटऱ्यांचे शिसे उघड्यावर काढले जाई. २००७-०८ साली तेथे १८ मुले दगावली. शिशाची निर्धोक अशी मात्राच नाही, आणि त्याचा पहिला घाव कोवळ्या मेंदूवर.

जुनी बॅटरी परत घेण्याचे बंधन विक्रेत्यांवर २००१ सालीच आले. २०२२ च्या नियमांनी भार उत्पादकांवर टाकला: ठरलेल्या प्रमाणात जुन्या बॅटऱ्या रीतसर मोडल्याची प्रमाणपत्रे त्यांनी नोंदणीकृत कारखान्यांकडून घ्यायची. म्हणजे सचोटीच्या कारखान्याला शिशाखेरीज सचोटीचेही पैसे मिळू शकतात. मला हीच खरी मेख वाटते. नुसत्या दंडाच्या धाकाने कढया विझत नाहीत. पण बॅटरी त्याच्या दारी पोचली तर!

म्हणून घरची बॅटरी बदलताना जुनी कोणत्या कारखान्यात जाणार, ते मी पावतीवर लिहून मागतो. दुकानदार मला चिकट गिऱ्हाईक समजतात.