रोवण्याच्या दिवसांतली मोजणी

पहाटे ५.३०
आशाताईंचा फोन. रात्री घरीच बाळंतपण झालं. नाल्याला पूर होता, १०८ची गाडी अलीकडेच अडकली. बाळ रडलं, पण दूध ओढत नाही. भाताचा रोवणा जोरात सुरू आहे. थोडा उशीर झाला तर अख्खं गाव बांधीत गेलेलं असेल. त्या भागात आज जन्म-मृत्यूंच्या नोंदींसाठी जायचंच होतं, आता चहाही न घेता निघायचं.

७.००
गडचिरोली-धानोरा रस्ता. चातगावच्या परिसरात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं शोधग्राम लागतं. १९८६ मध्ये ते दोघं या जिल्ह्यात आले. त्यांच्या कामाची सुरुवात तेंदूपत्त्याच्या गोदामात झाली. मला त्यांच्या औषधांपेक्षा त्यांची वही मोठी वाटते. गावागावांत जन्म आणि मृत्यू मोजणारी माणसं त्यांनी आधी उभी केली, म्हणून पुढचा प्रयोग शक्य झाला. ३९ गावांत प्रशिक्षित बायांनी घरीच नवजात बाळांची काळजी घेतली, शेजारच्या ४७ गावांशी तुलना झाली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन हेच काम करू लागल्या.

८.१५
नाला ओसरलाय. गाडी अलीकडे ठेवून गुडघाभर पाण्यातून पलीकडे. घरात चुलीचा धूर, बाळ लुगड्यात गुंडाळलेलं. आशाताई बाळाची छाती उघडी करतात, बाळ शांत होईपर्यंत थांबतात, मग घड्याळाकडे बघत पोटाची हालचाल मोजतात. ६३. साठ किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा मोजायचं, हा नियम त्या विसरत नाहीत. दुसऱ्यांदा ५४. श्वास ठीक. पण काखेतलं तापमान ३५.६ आणि झोळीच्या काट्यावर वजन २ किलो १००. दूध ओढत नाही, अंग थंड. न्यायलाच हवं.

“रोवणा कोण करन, बाई?” सासूबाई विचारतात. या प्रश्नावर रागावण्यात अर्थ नाही. चार दिवस चुकले तर वर्षभराचा भात चुकतो. आशाताई त्यांच्याजवळ बसतात, हळू आवाजात बोलतात. बाळ आईच्या उघड्या छातीला लावून, वरून चादर बांधून आम्ही त्यांना नाल्यापलीकडे नेतो. गाडी गडचिरोलीला जाते, आशाताई सोबत. मी गावातच थांबते.

१०.३०
आता वही. जिवंत बाळाची नोंद सोपी असते, मेलेल्या बाळाची फार अवघड. एका घरी ‘मेलेलंच जन्मलं’ एवढंच लिहिलेलं आहे. त्या आईला मी विचारते, रडलं होतं का? थोडंसं. हातपाय हलवले? हो. म्हणजे बाळ जिवंत जन्मलं होतं आणि नंतर गेलं. एक खूण बदलते आणि ते मूल नवजात मृत्यूंच्या हिशेबात येतं. ती नसती बदलली, तर त्याचा मृत्यू टाळता आला असता का, हे कुणी विचारलंच नसतं. बालमृत्यूंवरच्या २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने महाराष्ट्राला हेच दाखवलं होतं: सरकारी आकडे कमी, कारण मृत्यू मोजलेच जात नाहीत. आईला हे विचारताना पेन खाली ठेवायचं, तिच्याकडे बघायचं. घाई केली तर ती ‘नाही’ म्हणते आणि विषय मिटवते.

दुपारी १.३०
उपकेंद्रात सिकलसेलची तपासणी. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की नमुना पुढच्या तपासणीला. वाहक की रुग्ण, ते या नळीत कळत नाही. चंद्रपुरात अशाच आजारांसाठी आयसीएमआरचं (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं) संशोधन केंद्र आहे, डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. दिल्लीची संस्था आजाराच्या गावाजवळ आली, हे फार चांगलं झालं.

५.००
गडचिरोली, नवजात कक्ष. बाळाचं तापमान ३६.७. आईच्या छातीवर आहे, थोडं थोडं दूध ओढतंय. आशाताई सकाळपासून जेवलेल्या नाहीत.

८.३०
आयसीएमआरकडे निधीसाठीचा अर्ज. ही संस्था मूळची १९११ ची, आजचं नाव १९४९ चं. पहिले संचालक आपलेच डॉ. चिंतामण गोविंद पंडित. २०२२ मध्ये तिथे महासंचालक म्हणून आलेले डॉ. राजीव बहल हे नवजात बाळांवर संशोधन केलेले डॉक्टर. जागतिक आरोग्य संघटनेत ते याच विषयाचं काम बघत होते. जन्मताच कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी ठेवलं तर जीव वाचतात, हे दाखवणारा पाच देशांतला अभ्यास संघटनेने २०२१ मध्ये पुढे आणला; त्यात भारतही होता. आज नाल्याकाठी आम्ही केलं ते तेच.

म्हणून त्या खुर्चीकडून अपेक्षा धरावीशी वाटते. निधी मिळतो प्रकल्पाला, आणि प्रकल्प साधारण दोन-तीन वर्षांत संपतो. गावातली मोजणी संपत नाही. ती मध्येच तुटली तर पुढच्या औषधाचा, पुढच्या योजनेचा उपयोग झाला की नाही, हे कळायला जागाच उरत नाही. अर्जात ‘मोजणी’ नावाचा रकाना नसतो. प्रवासखर्च आणि मानधन यांत ती कशीबशी बसवावी लागते.

डॉक्टरसाहेब, आमचा अर्ज नामंजूर केलात तरी चालेल. पण गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार इथे जन्म-मृत्यूंची वही कायम चालू राहील असा वेगळा निधी ठेवा, आणि ती वही भरणाऱ्या बाईला तिच्या कामाचा पूर्ण मोबदला द्या.