पुरात बुडालेला पॉवर टिलर लगेच सुरू करू नका

२२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. नदीकाठच्या पॉवर टिलरवरही तीच वेळ येऊ शकते आणि नेमकी चिखलणीच्या घाईत. पाणी ओसरताच हँडल मारण्याचा मोह होतो. तो टाळा.

डिझेल इंजिन हवा दाबून चालते. पाणी मात्र दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि किरकोळ काम मोठ्या खर्चावर जाते.

बॅटरी असल्यास आधी तिची वायर काढा. मग एअर क्लीनर उघडा. आत पाणी किंवा गाळ दिसला, तर ते सिलिंडरपर्यंत गेले असे समजूनच पुढे जा. इंजिन फिरलेलेच नसेल तर ऑइल दुधट दिसत नाही. पाणी ऑइलखाली तळाशी बसते, डिपस्टिकवर पातळी तेवढी वाढलेली दिसते. म्हणून रंगावर विसंबू नका, ऑइल पूर्ण काढा. गिअरबॉक्सचेही काढा. डिझेल टाकी रिकामी करून फिल्टर बदला.

नोझल काढून फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवा, म्हणजे पाणी बाहेर पडेल. हे काम मेकॅनिककडून केलेले बरे. सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडा. नवे ऑइल भरून इंजिन दहा-पंधरा मिनिटे भाराविना चालवा, ते ऑइल काढून पुन्हा ताजे भरा. हे सारे एक-दोन दिवसांत उरका. आतला गंज थांबत नाही. विमा असेल तर खोलण्यापूर्वी फोटो काढून कंपनीला कळवा.