ढोबळी मिरचीतले काळे फुलकिडे: एका फवारणीत का संपत नाहीत?



पॉलिहाऊस आणि शेडनेटमधल्या ढोबळीत फुलं तपासा. पांढऱ्या कागदावर फूल झटका. बारीक काळपट किडे पळताना दिसले, तर ते नेहमीचे पिवळसर थ्रिप्स नाहीत. ही कीड आग्नेय आशियातली. भारतात तिची पहिली नोंद 2015 मध्ये बेंगळुरूला पपईवर झाली आणि 2021 मध्ये तिनं आंध्र-तेलंगणातली मिरची झोपवली.

नेहमीचे थ्रिप्स कोवळ्या पानांवर असतात. यांचे प्रौढ मात्र फुलात शिरतात, म्हणून फूलगळ होते, फळ वेडंवाकडं येतं. पिल्लं पानाखाली, अंडी पानाच्या आत, आणि कोष बहुतेक बेडच्या मातीत. म्हणजे तुम्ही आज काहीही मारा, अंडी आणि कोष सुटणारच. कडक औषधाचा डोस वाढवून हे बदलत नाही. उलट सिंथेटिक पायरेथ्रॉइडनं मित्रकीटक मरतात आणि थ्रिप्स जोरात परत येतात.

बिव्हेरिया किंवा लेकॅनिसिलियम ही बुरशी किड्याच्या अंगावर रुजून आत शिरते. त्याला ओल लागते. म्हणून संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, लेबलवरच्या प्रमाणात (पावडर बहुतेक लिटरला 5 ग्रॅम) फुलांत आणि पानांखाली पोचेल अशी फवारा. पाच-सात दिवसांनी पुन्हा, असं निदान तीन वेळा. मातीतल्या कोषांसाठी मेटारायझियम कुजलेल्या शेणखतात मिसळून बेडवर द्या. बेडवर ओल असू द्या, चिखल नको.

किडे मरायला चार-सहा दिवस जातात. दुसऱ्या दिवशी किडे हलताना बघून लगेच रासायनिक मारू नका, पैसे दोन्हीकडून जातात. भुरीसाठी बुरशीनाशक द्यायचंच असेल तर आठवडाभराचं अंतर ठेवा, आणि पंप स्वच्छ धुवा. दुकानातून पाकीट घेताना तारीख बघा. उन्हात पडलेलं पाकीट म्हणजे नुसती पावडर.

निळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर लावा. गळलेली फुलं बेडवर ठेवू नका.

फुलात थ्रिप्सच्या दुप्पट, चपटा, काळा-पांढरा ढेकणासारखा किडा दिसला तर तो ओरिअस, थ्रिप्स खाणारा. त्याला मारू नका. ओळख पटत नसेल तर जवळून फोटो काढून ग्रुपवर टाका, मगच फवारणी ठरवू.