छप्पर आपले, प्लेटा परक्याच्या



गेल्या महिन्यात खोडव्याच्या पाहणीसाठी आम्ही डोणगाव शिवारात गेलो होतो. काम आटोपल्यावर एका सभासदांनी घरी चहाला नेले आणि चहाबरोबर एक कागद पुढे ठेवला. सोलरवाल्या कंपनीचा माणूस येऊन गेला होता. "छप्पर तुमचं, प्लेटा आमच्या. एक पैसा नको, फक्त सही करा," असे त्याचे म्हणणे. सभासद म्हणाले, "साहेब, फुकट म्हटलं की मले भेवच वाटते. तुम्ही वाचून सांगा."

आमचे शिक्षण शेतीचे, विजेचे नव्हे. तरीही कागद वाचला, चौकशी केली. ती माहिती सर्वांच्या कामी यावी म्हणून येथे देत आहोत.

घरावर सोलर बसविण्याच्या दोन रीती आहेत. पहिली स्वतःच्या मालकीची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. बाकी रक्कम आपली किंवा कर्जाची. दुसऱ्या रीतीचे नियम केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये काढले. त्यात भांडवल कंपनीचे किंवा वीज वितरण कंपनीचे. आपण वापरलेल्या युनिटचे पैसे द्यायचे. संच किमान ५ वर्षे त्यांच्या मालकीचा राहतो, मुदत संपल्यावर घरमालकाच्या नावे होतो.

बटाईची रीत आपल्याला नवी नाही. फरक इतकाच की, बटाईत आपण जमीन देतो व पीक वाटून घेतो. येथे छप्पर आपण देतो आणि पीकही आपणच विकत घेतो! म्हणून सर्व भिस्त दरावर आहे. १ किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि सरासरी रोज ४ युनिट वीज होते. ज्यांचा वापर महिना १०० युनिटच्या आत आहे, त्यांना महावितरणचा दर मुळातच कमी पडतो. कंपनीचा दर त्याहून कमी नसेल तर सही कशासाठी?

आणखी एक गैरसमज पुष्कळांचा आहे. लाइन गेली की बॅटरी नसलेला साधा संचही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून ती योजनाच तशी असते. भारनियमनात दिवा लागेल या आशेवर कोणी राहू नये.

सहीपूर्वी पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात :

१) युनिटचा दर किती, दरवर्षी किती वाढणार?
२) अनुदान कोणाच्या खात्यावर जाणार, त्याने दर किती उतरणार?
३) मुदत किती, मुदतीनंतर संच विनामोबदला आपला होणार काय?
४) दुरुस्ती, वादळ व स्लॅबची गळती कोणाच्या माथी?
५) घराची वाटणी, विक्री किंवा वरचा मजला झाल्यास काय?

डोणगावच्या कागदात मुदत २५ वर्षे होती, दर दरवर्षी वाढता होता आणि प्लेटा हलविण्याचा खर्च घरमालकावर होता. या सभासदांचा मुलगा दोन वर्षांत वर खोल्या बांधणार आहे! आम्ही तेवढी ओळ बोटाने दाखविली. कंपनीचा माणूस परत आला तेव्हा प्लेटा एकदा स्वखर्चाने हलवून देण्यास तो तयार झाला. दरवाढ सोडण्यास मात्र नाही. सही अजून झालेली नाही. आमच्या मते तेच बरे.

प्लेटा आपल्या नसताना सूर्याची वीज मिळण्याचा दुसरा मार्ग शेतातून जातो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चा पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातील धोंदलगावला २०२४ मध्ये सुरू झाला. तो ३ मेगावॅटचा आहे. अशा प्रकल्पाची वीज शेतीच्या फीडरला जोडतात, म्हणजे उसाला दिवसा पाणी देता येते. रात्री बॅटरी घेऊन बारे मोडणाऱ्यांना त्याचे मोल सांगायला नको.

कारखान्याचा शेअर घेताना आपल्यापैकी अनेकांनी पोटनियम विचारून घेतले होते. छप्पर देतानाही तेवढेच विचारावे. कागद हाती आल्यास सही करण्याआधी गट ऑफिसला आणावा. आपण बसून वाचू.