काळी चकती : अल्काप्टोनुरिया आणि मानेच्या मणक्यांची शस्त्रक्रिया

मानेच्या मणक्यांमधील चकती झिजून मेरुरज्जूवर दाब येणे ही उतारवयातील परिचित व्याधी होय. क्वचित प्रसंगी मात्र शस्त्रक्रियेत काढलेली चकती पांढरट नसून कोळशासारखी काळी आढळते. ही अल्काप्टोनुरिया या अत्यंत दुर्मिळ आनुवंशिक चयापचय-विकाराची खूण असते.

टायरोसीन या अमिनो आम्लाच्या विघटनात होमोजेंटिसिक आम्ल तयार होते. त्याचे पुढील विघटन करणारे विकर जन्मतः निष्प्रभ असल्यास हे आम्ल बव्हंशी मूत्रावाटे बाहेर पडते. उरलेले कूर्चेत साचून तिला काळी व ठिसूळ बनविते. अशा बालकाचे मूत्र हवेत राहिल्यास काळवंडते. लंगोटावरचे डाग आईला दिसतात, पण ते धुतले जातात आणि विसरले जातात. तिशीनंतर कंबर ताठरते, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात करडे ठिपके उमटतात. मान बहुधा कंबरेनंतर बाधित होते.

हात बधिर होणे, गुंडी लावता न येणे, चाल अडखळणे ही लक्षणे वाढू लागल्यास शस्त्रक्रिया लांबविणे इष्ट नसते. मानेच्या पुढील बाजूने छेद घेऊन चकती काढतात, त्या जागी हाडाचा तुकडा बसवून मणके पट्टी व स्क्रूने जोडतात. मान ताठ असल्याने भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणेही जिकिरीचे ठरते. दाब हटतो, परंतु मूळ विकार तसाच राहतो. जोडलेल्या मणक्यांचा ताण शेजारच्या, आधीच ठिसूळ झालेल्या चकत्यांवर पडतो.

आर्चिबाल्ड गॅरड यांनी १९०२ मध्येच नोंदविले होते की, अशा रुग्णांचे आईवडील पुष्कळदा परस्परांची चुलत-मामे भावंडे असतात. दोघांकडूनही सदोष जनुक आल्याखेरीज हा विकार प्रकट होत नाही. नांदेड-लातूर भागातील अनेक समाजांत आते-मामे भावंडांचे विवाह रूढ असल्याने ही नोंद येथे विशेष अर्थपूर्ण ठरते. शिवाय किनवट परिसरात पाण्यातील फ्लोराईडमुळे ताठरलेली पाठ पाहिली की फ्लोरोसिसचीच शंका प्रथम येते, आणि ती रास्तही आहे. परंतु फ्लोरोसिसमध्ये क्ष-किरण चित्रात हाडे दाट दिसतात. अल्काप्टोनुरियात चकत्या अरुंद होऊन त्यांत कॅल्शियम साठते. लघवीच्या रंगाविषयी एक प्रश्न विचारण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

निटिसिनोन हे औषध या आम्लाची निर्मिती रोखते. युरोपीय संघात २०२० मध्ये प्रौढ रुग्णांसाठी त्यास मान्यता मिळाली. काळी पडलेली चकती त्याने पूर्ववत होत नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेत काळी चकती सापडल्यावर रुग्णाच्या सख्ख्या भावंडांचीही मूत्रतपासणी व्हावयास हवी, कारण त्यांपैकी प्रत्येकास हाच विकार असण्याची शक्यता चारात एक असते.