जुने रूळ, नवे रूळ : खेळण्यातल्या आगगाडीचा मेळ

गणपतीची आरास असो वा दिवाळीतला किल्ला, त्याभोवती फिरणारी आगगाडी हे बच्चेकंपनीचे हमखास आकर्षण. पाथर्डी तालुक्यातील तिसगावासारख्या, रेल्वेमार्ग नसलेल्या गावातही ही गाडी घरच्या घरी धावू शकते. मात्र माळ्यावरच्या पेटीतील वडिलांच्या लहानपणीचे रूळ आणि मुलासाठी आणलेले नवे रूळ एकाच मांडणीत जोडायला घेतले, की अडचणी सुरू होतात. डबे घसरतात, इंजिन जळते आणि निष्काळजीपणा झाल्यास प्रसंग जिवावरही बेतू शकतो.

बॅटरी इंजिनातच असलेल्या प्लॅस्टिकच्या गाड्यांचे फारसे बिघडत नाही. तिथे रुळांतील अंतर आणि टोकाची खाच जुळली, की काम भागते. खरा गुंता विजेवर चालणाऱ्या धातूच्या रुळांचा आहे.

वरकरणी हे रूळ सारखेच दिसतात. १:८७ प्रमाणातील 'एचओ' आणि १:७६ प्रमाणातील ब्रिटिश 'ओओ' या दोन्ही प्रकारांत रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. (आपल्या १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजची 'एचओ' प्रतिकृती करायची तर ते १९ मिलिमीटरहून अधिक हवे, पण तो हिशेब हौशी मंडळी सहसा सोडून देतात.) १९९८ मध्ये पुण्यात कोथरूडला सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयातील मांडणीही 'एचओ' प्रमाणातीलच.

अंतर जुळले म्हणून वीज जुळतेच असे नाही. ब्रिटनच्या 'हॉर्नबी डब्लो'ची १९३८ मधील गाडी तीन रुळांची होती. मधल्या रुळातून वीज येई आणि बाहेरच्या दोन्ही रुळांतून परत जाई. १९५९ मध्ये त्याच कंपनीने दोन रुळांची पद्धत आणली. तीत एक रूळ धन, दुसरा ऋण. तीन रुळांच्या पद्धतीची धातूची चाके परस्परांशी विजेने जोडलेली असल्याने, असा डबा दोन रुळांच्या मार्गावर ठेवताच शॉर्टसर्किट होते. जर्मनीच्या 'मार्कलिन'ने मात्र मधल्या वाहकाची पद्धत कायम ठेवली. त्यामुळे तिचे जुने पत्र्याचे 'एम' रूळ आणि १९९६ मध्ये आलेले 'सी' रूळ १८० मिलिमीटरच्या खास तुकड्याने जोडता येतात.

दुसरा प्रश्न रुळाच्या उंचीचा. 'कोड १००' म्हणजे इंचाच्या शंभर सहस्रांश, अर्थात २.५४ मिलिमीटर उंचीचा रूळ. 'कोड ७५' सुमारे १.९ मिलिमीटरचा. जुन्या चाकांची कड खोल असल्याने ती बुटक्या रुळांवर आतल्या पकडींना घासत, खडखडत जाते. सांध्यावर तर हटकून घसरते. दोन उंचीचे रूळ जोडण्यासाठी वेगळी जोडपट्टी मिळते. चाकांवर मात्र तिचा इलाज नाही. डिजिटल नियंत्रणाच्या नव्या मार्गावर जुने साधे इंजिन उभे केल्यास त्याची मोटार तापून जळू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

सर्वांत मोठा धोका ट्रान्सफॉर्मरचा. रूळ जोडल्यावर जुना आणि नवा असे दोन ट्रान्सफॉर्मर एकाच मार्गाला लागतात. जुन्या, प्रत्यावर्ती विजेच्या ट्रान्सफॉर्मरपैकी एकाचा प्लग भिंतीतून काढला, तर दुसऱ्याची वीज रुळांतून त्यात उलटी शिरते आणि मोकळ्या प्लगच्या पिनांवर घरगुती विजेइतका दाब येऊ शकतो. तो प्लग मुलाच्या हातात असेल तर काय होईल, हे सांगायला नको. त्यामुळे एका मार्गाला एकच ट्रान्सफॉर्मर हवा. दोन वापरायचेच असतील, तर मार्गाचे दोन भाग विजेच्या दृष्टीने पूर्णपणे तोडले पाहिजेत. जुन्या ट्रान्सफॉर्मरची वायर कडक होऊन तडकली असेल, तर तो वापरूच नये.

मेळ बसतच नसेल, तर कुर्डुवाडीचा मार्ग आहे. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरची, तर शेजारचा मुंबई-सोलापूर मार्ग ब्रॉडगेज. रुंदीकरण होईपर्यंत प्रवासी आणि माल तिथे एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जात. घरातही दोन वेगळी वर्तुळे मांडून मधोमध एक फलाट ठेवता येतो. मालाची चढउतार करायला मुलांचे हात तयारच असतात.