पैसे दिले, पण माल आपला झाला काय?

समजा, एका ग्राहकाने आमच्या दुकानातून कुर्त्याचे कापड घेतले. पूर्ण पैसे रोख दिले, पावती घेतली. निघताना आम्ही त्याला सांगितले, "भाईसाहेब, हा कुर्ता घालण्याआधी दरवेळी आम्हाला फोन करा. आम्ही होय म्हटले तरच घाला. फोन लागला नाही तर कुर्ता कपाटातच राहू द्या." असा ग्राहक पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढेल काय?

कापडाच्या धंद्यात हा वेडेपणा ठरेल. परंतु संगणकावरील खेळांच्या धंद्यात मोठमोठ्या कंपन्यांनी नेमके हेच केले आहे. घरातील मुलांची कुरकुर ऐकून आम्ही या विषयाची माहिती घेतली. ती आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंच्याही उपयोगाची वाटल्याने येथे देत आहोत.

कुलूप कशासाठी?

मोठा खेळ तयार करण्यास कोट्यवधी रुपये व कित्येक वर्षे लागतात. त्याची नक्कल मात्र काही मिनिटांत होते. चोरीची नक्कल विकणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. आमचे डिझाइन कोणी उचलले तर आम्हालाही संताप येतोच. तेव्हा कंपनीने मालाला कुलूप लावावे, यात गैर नाही.

पूर्वी खेळाबरोबर छापील पुस्तिका मिळे आणि खेळ सुरू करताना तिच्यातील अमुक पानावरचा शब्द विचारला जाई. पुढे मूळ सीडी संगणकात घातल्याशिवाय खेळ चालेनासा झाला. नंतर इंटरनेटवरून एकदा नोंदणी करण्याची पद्धत आली. येथपर्यंत ग्राहकाने सोसले. त्यापुढची पायरी म्हणजे सततची जोडणी. यात खेळ चालू असेपर्यंत तो कंपनीच्या दूरच्या संगणकाशी, म्हणजे सर्व्हरशी, जोडलेला असावा लागतो. जोडणी तुटली की खेळ थांबतो. एकट्याने खेळायचा खेळ असला तरीही!

भुर्दंड कोणाला?

फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने २०१० मध्ये 'असॅसिन्स क्रीड २' या खेळाच्या संगणकावरील आवृत्तीला असे कुलूप लावले. त्याच मार्च महिन्यात कंपनीच्या सर्व्हरवर बाहेरून हल्ला झाला आणि पैसे भरलेले ग्राहक तासन्‌तास हात चोळत बसले. चोरांनी मात्र हे कुलूप काही आठवड्यांतच तोडले. म्हणजे चोराचा माल इंटरनेटशिवाय चालू आणि इमानदार ग्राहकाचा माल बंद! अखेर २०१२ मध्ये कंपनीने ही अट सोडल्याचे सांगितले.

त्याच वर्षी १५ मे रोजी अमेरिकेच्या ब्लिझार्ड कंपनीचा 'डायब्लो ३' बाजारात आला. पहिल्याच दिवशी सर्व्हरवर इतकी गर्दी झाली की ग्राहकांना खेळाऐवजी 'एरर ३७' एवढीच पाटी दिसली. मार्च २०१३ मध्ये 'सिमसिटी' या खेळाचेही असेच झाले. खेळाचा बराचसा हिशेब आमच्या सर्व्हरवरच होतो, त्यामुळे जोडणी अटळ आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. पण वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, तोच खेळ इंटरनेटशिवाय चालेल अशी सोय कंपनीनेच करून दिली. मग आधी काय अडचण होती?

गर्दी आज ना उद्या ओसरते. दुकानच कायमचे बंद झाले तर? युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा मोटारींचा खेळ २०१४ साली आला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेला खेळ सर्वांच्या घरी एकाच वेळी मेला. ग्राहक अमेरिकेत कोर्टात गेले, तेव्हा कंपनीने बाजू मांडली की ग्राहकांना मालकी नव्हे, वापराचा मर्यादित परवाना मिळाला होता. खरी गोम येथेच आहे. विकताना 'खरेदी करा' म्हणायचे आणि भांडण झाले की 'भाडे होते' म्हणायचे!

यावर कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा केला. ग्राहकाला फक्त परवानाच मिळणार असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय विक्रेत्याने 'खरेदी' हा शब्द वापरू नये, असे त्यात आहे. युरोपात, विकलेला खेळ कंपनीने पुढे निकामी करू नये, या मागणीवर जुलै २०२५ पर्यंत १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. कुलपाशिवायही धंदा होतो, हे पोलंडच्या 'गॉग' या दुकानाने दाखवले आहे. ते २००८ पासून बिनकुलपाचे खेळ विकत आहे.

आपल्या दुकानात

हे मुलांचे खेळ म्हणून सोडून देऊ नका. बिले करण्याचे, स्टॉक ठेवण्याचे, भरतकामाचे डिझाइन काढण्याचे प्रोग्राम आता याच वाटेने चालले आहेत. आमच्याच दुकानात ऐन ईदच्या गर्दीत इंटरनेट गेले आणि बिलाचा प्रोग्राम अडून बसला. रात्रीपर्यंत आम्ही हाताने पावत्या फाडल्या. उधारीची यादी त्या बंद पेटीत अडकली, ती वेगळीच.

म्हणून प्रोग्राम घेण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. इंटरनेट नसेल तर तो किती दिवस चालेल? पैसे एकदाच द्यायचे की दरवर्षी? कंपनी बंद पडली तर आपला हिशेब बाहेर काढता येईल काय? आणि ही विक्री आहे की भाडे? उत्तरे लेखी घ्या. दर आठवड्याला उधारीची यादी छापून गल्ल्यात ठेवा.

भाड्याने देण्यात वाईट काही नाही. दुकानाचा गाळाही आपण भाड्याने घेतोच. पण भाडे असेल तर भाडे म्हणावे आणि भाव भाड्याचाच लावावा. एका दराने बोलून दुसऱ्या मापाने मोजणाऱ्या दुकानदाराला बाजारात काय म्हणतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.